दुसरी पुरचुंडी

“पण आजी, नीळ तुम्ही दोघांनीही टाकली होती ना?”

तनयाने हे विचारलं तेव्हा मुक्ताई लसूण सोलत बसली होती. तिने हातातली पाकळी सोलून पुरी केली, वाटीत टाकली आणि मगच मान वर केली.

“कोन म्हन्लं?”

“यमुनाबाईंनी सांगितलं. काल मी त्यांच्याकडे गेले होते.”

“यमुनीच्या तोंडात तीळ भिजला न्हाई कधी.”

तनया हसली. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि चष्मा नाकावर नीट बसवला. “मग मी मजकूर असा केलाय. ऐका हं. ‘या बंगल्याची चुन्याने सफेदी करताना रंगारी बद्रीनाथ जायभाये व त्यांच्या पत्नी मुक्ताई यांच्या हातून नीळ दोनदा पडली. तेव्हापासून हा बंगला निळा आहे. लोकांनी त्याला निळा बंगला म्हटले आणि तेच त्याचे नाव झाले.’ दगडावर कोरणार आहेत. फाटकाशीच.”

“माझं नाव काढा.”

“काय?”

“माझं नाव काढा त्याच्यातलं. त्यांचं ऱ्हाऊ द्या.”

तनया ही सरकारी बांधकाम खात्याने नेमलेली वास्तुतज्ज्ञ. तिशीची, कसबा पेठेत वाढलेली. बोलणं स्वच्छ, आणि समोरच्याला काय वाटेल याची फारशी चिंता न करणारं. तिने आजवर पुष्कळ लोक पाहिले होते, पण ते सगळे पाटीवर नाव घालून घेण्यासाठी आलेले. काढायला सांगणारी ही पहिलीच. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि “आजी, विचार करा, मी परवा फोन करते” असं म्हणून कोथरूडच्या त्या सोसायटीचा जिना उतरून गेली.

पुण्यात निळा बंगला माहीत नसलेला माणूस एक तर काल आलेला असतो, किंवा त्याला पत्ता सांगायचाच नसतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचांच्या आड तो उभा आहे. मोठ्या साहेबांचं सरकारी निवासस्थान. कागदोपत्री त्याचं नाव ‘बंगला क्रमांक चार’. एक, दोन आणि तीन कुठे गेले ते खात्यालाही सांगता येत नाही. पण रिक्षावाल्याला नुसतं ‘निळा बंगला’ म्हटलं की तो मीटर टाकतो, आणि टाकला नाही तर निदान नाही म्हणायला तरी मान वळवतो. रंगाची कारणं मात्र ज्याची त्याची वेगळी. कोणी म्हणे, तिथे राहणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या मडमेला समुद्राची आठवण यायची. कोणी म्हणे, निळ्या रंगाला डास येत नाहीत. पेठांतल्या जाणकारांचं मत असं, की एका साहेबाला शनी फार जड होता आणि त्याच्या ज्योतिषाने हा उपाय सांगितला. या मताला पुरावा काय, असं विचारलं तर साहेबाची पुढे बढती झाली हाच पुरावा.

मध्यंतरी सरकारी बंगल्यांना नावं द्यायची टूम निघाली. चार नंबरला एका गडाचं नाव मिळालं, पितळी पाटीसुद्धा लागली. मग कुरिअरवाले त्या नावाचा पत्ता घेऊन खरोखरच गडाच्या दिशेने जायला लागले. नव्या साहेबांनी हात टेकले. लोक म्हणतात तेच नाव सरकारी करा, म्हणाले, आणि हा रंग आला कुठून तेही एकदाचं लिहून टाका. खरं काय ते शोधायचं काम तनयाकडे आलं, आणि खात्यातल्या जुन्या माणसांना विचारत विचारत ती यमुनाबाईपर्यंत आणि तिथून मुक्ताईपर्यंत पोहोचली.

खरं काय ते असं.

दुष्काळानंतर बद्रीनाथ आणि मुक्ताई पाटोद्याकडून पुण्यात आले. बद्रीनाथचे मामा, तात्याराव, सरकारी इमारतींच्या रंगकामावर मुकादम होते. त्यांनी भाच्याला आणि भाचेसुनेला टोळीत घेतलं. बद्रीनाथ परांचीवर चढून कुंचा मारायचा. मुक्ताई आणि तिच्याच वयाची यमुनाबाई खाली चुन्याच्या कामाला. चुना नुसता मारला तर भिंत पिवळट दिसते, म्हणून पांढऱ्या कपड्यांना देतात तशी त्यात जराशी नीळ द्यायची. फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी पिंपात बुचकळायची, ढवळायची, झालं. बायकांना कपड्यांमुळे निळीचा अंदाज असतो, म्हणून ते काम मुक्ताईकडे.

अडचण एकच होती. तात्याराव पडले मामेसासरे. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे थोरांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. घरात ठीक, पण कामावर मामा दिवसभर समोर. त्यामुळे काम चालू असेपर्यंत दोघं एकमेकांना मुके. काही सांगायचं झालं तर ते यमुनाबाईमार्फत. ‘यमुने, त्यांना म्हनावं शिडी हालतीया.’ शिडीवरचा माणूस शब्दन् शब्द ऐकत असायचा, पण यमुनाबाईने तो निरोप पुन्हा एकदा मोठ्याने सांगितल्याशिवाय खाली बघायचा नाही. टोळीतल्या पुणेकर पोरांना याची फार मौज वाटायची. तात्यारावांना मात्र भाच्याच्या या वळणाचा अभिमान होता.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर चार नंबरच्या बंगल्याची सफेदी निघाली. नवे साहेब राहायला यायचे होते, घाई होती. म्हणून संध्याकाळी पिंपं भरून झाल्यावर बद्रीनाथने उद्याची तयारी म्हणून नीळ स्वतःच घालून टाकली. रात्रीतून ती तळाशी बसली आणि वर निवळ पाणी आलं. सकाळी मुक्ताईने पिंपं बघितली. तिला ती कोरीच वाटली. तरी एका पिंपाच्या काठाला निळसर रेघ दिसली आणि तिच्या मनात आलं, विचारावं. बद्रीनाथ हाकेच्या अंतरावर परांची बांधत होता. पण मध्ये मामा चहा पीत बसलेले, आणि यमुनाबाईच्या पोराला ताप म्हणून ती उशिरा येणार होती. निरोप न्यायला कोणी नव्हतं. मुक्ताईने दुसरी पुरचुंडी सोडली.

ओल्या भिंतीवर चुन्याचा रंग कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं, भिंती वाळल्या, आणि नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा अख्खा बंगला समोर उभा राहिला. इंजिनिअर आले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कोणी केलं हे, म्हणून ते ओरडले तेव्हा बद्रीनाथ परांचीवरून उतरला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, “म्या टाकली नीळ.”

हे खरंच होतं. अर्धं. उरलेलं अर्धं घमेलं धरून पिंपापाशी उभं होतं. मामा समोर होते. मुक्ताईने तोंड उघडलं नाही.

बद्रीनाथला मेमो मिळाला. कायम व्हायच्या यादीत त्याचं नाव मागे ढकललं गेलं. तात्यारावांनंतर मुकादमकी त्याच्याकडे यायची होती, ती दुसऱ्याच कोणाला मिळाली, आणि टोळीत त्याला कायमचं नाव पडलं, निळे मिस्त्री. बंगल्याचं मात्र काही बिघडलं नाही. नव्या साहेबांच्या आई आल्या, त्यांना डोळ्याला गार वाटलं. पुन्हा रंगवायला त्या वर्षी तरतूद नव्हती. पुढच्या वर्षी अंदाजपत्रक करताना कोणीतरी लिहिलं, ‘रंग : पूर्वीप्रमाणे’. सरकारात एकदा पूर्वीप्रमाणे लिहिलं गेलं की ते ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर, स्टोव्हला पंप मारता मारता मुक्ताई म्हणाली होती, “दुसरी पुरचुंडी माझी व्हती.”

बद्रीनाथ मोरीत हातापायांवर पाणी घेत होता. “ठावं हाय.”

“कसं?”

“पैली माझी व्हती. मंग दुसरी कोनाची आसंल?” त्याने तोंड पुसलं. “आता बोलून बसलो. दोघांनी कशाला बोलनी खायची? भाकर टाक.”

एवढंच. त्यानंतर त्यांच्यात त्या गोष्टीवर शब्द झाला नाही.

बद्रीनाथ काही देवमाणूस नव्हता. भाजी आळणी झाली तर ताट सारायचा. पोराच्या शाळेवरून भांडायचा, गावाकडच्या जमिनीवरून भांडायचा, आणि भांडण संपलं की आठवडाभर अबोला धरायचा. पण जन्मभराच्या त्या भांडणांत, अगदी ओठांवर आलेलं दिसत असतानाही, ‘तुझ्यामुळं’ हा शब्द त्याने काढला नाही. मुक्ताई कधी कधी वाट बघायची. एकदा म्हणून टाकेल तर आपण सुटू, असं तिला वाटायचं. त्याने सोडवलं नाही. त्याबद्दल तिला त्याचा राग यायचा आणि त्याच्याबद्दल जे काही वाटायचं ते सगळंही त्यातूनच वाटायचं. दोन्ही वेगळं करून बघायची तिला कधी गरज पडली नाही.

बद्रीनाथला तो बंगला मात्र सहन होत नसे. त्या रस्त्याने जायची वेळ आली तर कंडक्टर ‘निळा बंगला, निळा बंगला’ म्हणून ओरडायच्या आत तो आधीच्या थांब्यावर उतरायचा आणि उरलेलं चालत जायचा. आनंदने, त्याच्या मुलाने, एकदा विचारलं तर म्हणाला, पाय मोकळे होतात. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. बंगल्याला तेच नाव देणार ही बातमी त्यानंतर आली.

तनया येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताई सकाळीच बसने स्वारगेटला उतरली आणि दांडेकर पुलाकडे यमुनाबाईच्या खोलीवर गेली. यमुनाबाई दारात उन्हाला बसून मिशेरी लावत होती. आता तिला दिसत फार कमी होतं, पण चालीवरून माणूस ओळखायची.

“ये मुक्ते. भांडायला आलीस का सोताहून?”

“मी तुला एकटीलाच सांगितलं व्हतं. कामून सांगितलंस तिला?”

“पोरगी चांगली वाटली. माझ्याकडं आली, सोता च्या करून मला दिला. ईचारलं तर सांगितलं. खोटं हाय का?”

“खोटं न्हाई.”

“मंग?” यमुनाबाईने तोंड धुतलं आणि पदराने पुसलं. “चुन्यात हात जाळून घेतले आपुन. माझी नखं गेली, आजून नीट आली न्हाईत. किती सायबांचे बंगले धवळे केले, कोन्या भिंतीवर कोन्या बाईचं नाव हाय? एक दगड मिळतोय तर तुला कुठं टोचतंय?”

मुक्ताई उंबऱ्यावर बसली. यमुनाबाई म्हणत होती त्यात काही चुकीचं नव्हतं, आणि हीच पंचाईत होती.

“का मामेसासऱ्याला भेतीस आजून? त्येला जाऊन जमाना झाला.”

“मामाला न्हाई भेत.”

“मंग कोनाला?”

समोरच्या नळावर हंड्यांची रांग लागली होती, तिथे दोन बायकांचं जुंपलं होतं, ते मुक्ताई बघत राहिली.

“तवा बोलायचं व्हतं यमुने,” ती म्हणाली. “साहेब वरडत व्हता तवा. घमेलं टाकून म्होरं जायाचं आन् म्हनायचं, माझीबी हाय. मी हुबी ऱ्हायले. सगळी बोलनी त्यांनी खाल्ली. लोकं त्यांनाच हसली, त्यांचीच मुकादमकी गेली. आता दगडावर मान मिळतोय म्हनल्यावर मी म्होरं येऊ, अर्धा माझा म्हनून?”

यमुनाबाईने यावर विचार केला. तिला ते पटलं असं नाही.

“तू येडी हायस,” ती शेवटी म्हणाली. “पर तुझं तू जान. जेवून जा. पिठलं केलंय.”

मुक्ताई जेवून गेली.

तनयाचा फोन येईपर्यंत थांबायचं तिच्या जिवावर आलं. रविवारी तिने नातीला, ऋतुजाला, स्कूटर काढायला लावली. ऋतुजा हिंजवडीला एका कंपनीत नुकतीच लागली होती आणि रविवारी दुपारपर्यंत झोपणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क होता. पण आजी कधी काही मागत नाही, म्हणून उठली. सगळा प्रकार तिला घरात कळलाच होता.

“आज्जी, मला हे अजिबात पटलेलं नाहीये,” सिग्नलला थांबल्यावर ती मान मागे करून म्हणाली. “सीरियसली. तू स्वतःला इरेज करतेयस.”

“म्हंजी?”

“म्हणजे पुसून टाकतेयस.”

“लिहिलंय कुठं आजून, पुसायला? हिरवा पडला बघ, चल.”

बंगल्याच्या आवारात मुक्ताई त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. चिंचा होत्या त्याच होत्या. लोखंडी परांची लावून पोरं काम करत होती, हातात कुंचे नव्हते, रोलर होते. रंग डब्यातून तयार येत होता; यंत्राने जुन्या भिंतीशी मेळ घालून बनवलेला. एका पोराच्या खिशातल्या मोबाइलवर गाणी चालू होती. तनया एका डब्याच्या झाकणावरचा रंग उन्हात धरून बघत होती. मुक्ताईला बघून ती चकित झाली आणि तिने लगबगीने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

“आजी, मला वाटलंच तुमचं मन बदलेल.”

“न्हाई बदललं. तेच सांगायला आले.”

तनयाने डब्याचं झाकण खाली ठेवलं. “हे बघा, तुम्ही नको म्हणता ते मी समजू शकते. पण मला खरं लिहायचंय. इतकी वर्षं लोक मडमेच्या आणि शनीच्या गोष्टी सांगत बसलेत. आता पहिल्यांदा खरी गोष्ट हाताला लागलीय, आणि मीच तिच्यातली निम्मी कापायची? हे माझ्या कामात बसत नाही.”

“त्यांना मेमो दिला तवा सरकारानं निम्मी कापलीच व्हती की.”

“ते चुकलंच त्यांचं.”

“चुकलं का बरूबर ते मला न्हाई म्हाईत. पर दोष व्हता तवा समदा त्यांच्या नावावर घातला. कोनी म्हनलं न्हाई, अर्धा हिच्या नावावर टाका. मीबी म्हनले न्हाई.” मुक्ताई बोलताना परांचीकडे बघत होती. “आता त्याच चुकीचा मान झालाय, तर तोबी समदा त्यांच्याच नावावर पडू द्या. दोषाला एकटे आन् मानाला जोडीनं, आसं कसं चालंल?”

ऋतुजा स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत होती, ती थांबली.

“पण मग ते खोटं होतं आजी,” तनया म्हणाली. तिचा आवाज आता वाद घालण्याचा राहिला नव्हता, पण मुद्दा सोडायची तिला सवय नव्हती. “दोघांनी टाकली आणि लिहायचं एकट्याने टाकली.”

“एकट्यानं आसं कुठं ल्ह्या म्हनले मी? त्यांनी टाकलीच व्हती. साहेबाला काय म्हनले ते? म्या टाकली नीळ. बास. ते जेवढं बोलले तेवढंच ल्ह्या. त्याच्यात काय खोटं हाय ते दाखवा मला.”

तनयाने पिशवीतून कागद काढला, पेनने एक ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘रंगारी बद्रीनाथ जायभाये यांच्या हातून नीळ जास्त पडली.’

“माझ्या रिपोर्टमध्ये मात्र दोघांचं राहील,” ती म्हणाली. “ते मी काढणार नाही.”

“रिपोर्ट कोन वाचतं?”

“कोणी नाही,” तनयाने प्रामाणिकपणे सांगितलं.

“मंग ऱ्हाऊ द्या.”

मुक्ताई उठली. दोन पावलं गेल्यावर पुन्हा वळली. इतका वेळ जे विचारायला ती खरं तर आली होती ते तिने आता विचारलं.

“लोकं हसतील का?”

तनयाला खोटं बोलता आलं असतं. “हसतील थोडी,” ती म्हणाली. “गोष्ट हसण्यासारखी आहे, आजी.”

मुक्ताईने मान हलवली आणि स्कूटरकडे गेली. घरी पोहोचेपर्यंत निळे मिस्त्री, निळे मिस्त्री म्हणत गाड्यावर चहा पिणारी टोळी तिला आठवत होती. बद्रीनाथ त्यांच्याकडे पाठ करून बशीतला चहा पीत असायचा. तो गेल्यावर तरी हे हसू संपलं होतं. आता आपण ते दगडावर कोरून घेतोय की काय, ही भीती तिला पुढचे सगळे दिवस सोडेना. ती रात्री कुशी बदलत राही आणि दिवसा कामात चुका करी. आनंदने विचारलं, बरं नाहीये का. ती म्हणाली, दाढ दुखते.

फलकाच्या कार्यक्रमाला फार लोक नव्हते. खात्याचे अधिकारी, काही पत्रकार, शेजारच्या बंगल्यांतली मंडळी आणि इतिहासाच्या गोष्टी ऐकत शहरभर हिंडणारा एक हौशी गट. हे लोक पुण्यात कुठल्याही दगडापाशी भेटतात. आनंदने अर्धा दिवस रजा काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. सूनबाईंनी सासूसाठी निळी साडी काढली होती. मुक्ताईने ती बघितली आणि आपली नेहमीची हिरवी नेसली. तिघांना पुढच्या रांगेत बसवलं. ऋतुजा कडेला तनयाजवळ उभी राहिली.

पडदा बाजूला झाला. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं होती. साहेबांनी भाषणाऐवजी फलकच वाचून दाखवला, आणि हे त्यांचं शहाणपण म्हणायचं. ‘नीळ जास्त पडली’ इथपर्यंत आल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कोणी. मग सगळेच.

मुक्ताईने मांडीवरच्या पदराचं टोक मुठीत धरलं. ती वळून बघायला लागली. एकेका चेहऱ्याकडे बघत गेली, कारण ते हसू तिला ओळखता येत होतं आणि ते तेच आहे का हे तिला बघायचं होतं. ते तेच नव्हतं. हसून झाल्यावर लोक भिंतीकडे बघत होते. एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, “अगं, आणि आपण शनी शनी करत होतो,” आणि बायको म्हणत होती, “तुम्ही करत होतात.” साहेबही हसले. म्हणाले, “बरं झालं पडली. नाहीतर मी आज कुठल्या गडावर राहत असतो कुणास ठाऊक.” पुन्हा हशा, आणि मग टाळ्या. आनंदचे डोळे भरून आले होते, तो ते लपवायला मोबाइलमध्ये बघत होता. मुक्ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत. घरच्या माणसासाठी कोणी टाळ्या वाजवतं का. पण तिची मूठ सुटली होती, आणि बद्रीनाथला हे हसू ऐकू यायला हवं होतं असं तिला राहून राहून वाटलं.

चहाच्या वेळी साहेबांच्या पत्नी स्वतः तिच्याकडे आल्या. बोलायला गोड होत्या.

“आजी, आम्हाला फार छान वाटलं. तुमच्या यजमानांमुळे आमच्या घराला रंग मिळाला, नाव मिळालं. तुम्हीही असायचात का हो त्यांच्याबरोबर कामाला?”

ऋतुजा पाठीमागेच उभी होती. तनया चहाचा कप घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. दोघीही मुक्ताईकडे बघायला लागल्या.

“व्हते की,” मुक्ताई म्हणाली. “पानी वाहायचे.”

“हो का,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुक्ताईचा हात दोन्ही हातांत धरून हलकेच दाबला आणि त्या पुढच्या पाहुण्यांकडे वळल्या. ऋतुजा काही बोलणार होती. तनयाने तिच्या कोपराला हात लावला.

मग फोटो झाले. आधी साहेबांचा, मग अधिकाऱ्यांचा, मग कोणीतरी म्हणालं, घरच्यांचा घ्या. मुक्ताईने कप खुर्चीखाली ठेवला, पदर सारखा केला आणि जाऊन फलकाशेजारी उभी राहिली. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि हाताने खूण केली.

“आजी, थोडं बाजूला व्हा. नाव झाकलं जातंय.”

ती बाजूला सरकली.